ओळखीची चोरी, तिचा तपास आणि देशाची सुरक्षितता

(जयपूर येथे भरलेल्या अभ्यासवर्गात मराठी भाषक साथींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय जाहीर झाल्यावर काही साथींनी विचारले की, दुसऱ्याच्या नावावर सिमकार्ड काढणारे आणि बँकेतील पैसे पळविणारे भामटे यांचा देशाच्या सुरक्षिततेशी संबंध तो काय? दुसऱ्या काहींची शंका याहून गंभीर होती. राष्ट्रीय सुरक्षितता हा सत्ताधारी वर्गाचा आवडता शब्द आहे. १९७१ चा मीसा, १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा, १९८५ चा टाडा या सर्वांच्या कपाळी हाच टिळा होता आणि त्यांचा वरवंटा संपकरी कामगारांवर, आदिवासींवर व अल्पसंख्याकांवर फिरला. मग या शब्दाच्या आधारे चर्चा आपण कशासाठी करावयाची? शंका रास्त आहे. परंतु शब्दाचा दुरुपयोग झाला म्हणून ती गोष्टच नाहीशी होत नाही. ज्या शहरात आपण बसलो आहोत त्याच शहरात १३ मे २००८ रोजी, मंगळवारी संध्याकाळी, सायकलींवर ठेवलेल्या बॉम्बचे एकामागून एक स्फोट झाले. जोहरी बाजार, त्रिपोलिया बाजार, चांदपोल आणि सांगानेरी गेट येथील हनुमान मंदिरांचा परिसर. तटबंदीच्या आतील जुन्या शहराचा गजबजलेला भाग. ७१ माणसे मेली. त्यांत कोण होते? देवदर्शनाला आलेले, खरेदीला आलेले, गाडीवाले, दुकानांतील नोकर. सुरक्षिततेचा प्रश्न त्यांचा होता, आणि म्हणून तो आपला आहे.

या खटल्याकडे मी प्रथम वळतो, कारण त्यात माझे सारे म्हणणे आलेले आहे. सायकली बाजारातून विकत घेतलेल्या होत्या. विकत घेणाऱ्यांनी खोटी नावे सांगितली, असे तपास यंत्रणेचे म्हणणे होते. स्फोटांनंतर जबाबदारी स्वीकारणारी ई-मेल आली, ती दिल्लीलगतच्या साहिबाबाद येथील एका सायबर कॅफेतून. म्हणजे तपासापुढे पहिल्या दिवसापासून प्रश्न होता तो ओळखीचाच: सायकल कोणी घेतली, संगणकापुढे कोण बसले होते, सांगितलेले नाव आणि प्रत्यक्षातील माणूस यांचा मेळ कोणता? डिसेंबर २०१९ मध्ये विशेष न्यायालयाने चौघांना फाशी सुनावली. २९ मार्च २०२३ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने त्या चौघांनाही निर्दोष ठरविले आणि तपासावर अत्यंत कडक ताशेरे ओढले. खरेदीच्या पावत्यांवरील सायकलींचे क्रमांक आणि जप्त केलेल्या सायकलींचे क्रमांक जुळत नव्हते. संगणकीय पुराव्याला कायद्याने लागणारे प्रमाणपत्र नव्हते. राज्य शासनाने सर्वोच्च न्यायालयात अपील केले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये, न फुटलेल्या बॉम्बच्या स्वतंत्र खटल्यात, विशेष न्यायालयाने चौघांना जन्मठेप दिली. कोण दोषी आणि कोण निर्दोष याचा निर्णय मी येथे करीत नाही. तो न्यायालयांचा आहे. पण मृतांच्या कुटुंबांनी पंधरा वर्षे वाट पाहिली आणि एका पावतीवरील क्रमांकाने खटल्याचा पाया डळमळला, ही गोष्ट कोणत्याही फर्ड्या वक्तृत्वाने झाकता येणार नाही. ओळखीचा तपास ढिसाळ असेल तर दोषी सुटतो किंवा निर्दोष अडकतो, आणि दोन्ही वेळी देश असुरक्षित राहतो.

जयपूरनंतरचा धागा आपल्या महाराष्ट्रात येतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोट झाले. त्या वेळची ई-मेल शोधत पोलीस नवी मुंबईतील सानपाडा येथे पोहोचले, तेव्हा ती एका अमेरिकन रहिवाशाच्या वायफाय जोडणीवरून गेलेली निघाली. जोडणीला संकेतशब्दाचे कुलूप नव्हते. रस्त्यावरच्या कोणालाही ती वापरता येत होती. २३ ऑगस्टची पुढची ई-मेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जोडणीवरून गेली आणि १३ सप्टेंबरची, दिल्लीतील स्फोटांच्या वेळची, चेंबूरच्या एका कंपनीच्या जोडणीवरून. तिन्ही ठिकाणी चोरीस गेली होती ती ओळखच. घराचा पत्ता जसा पाकिटावर लिहिलेला असतो तसा प्रत्येक जोडणीचा एक अंकी पत्ता असतो; गुन्हेगाराने पाठविणाऱ्याच्या जागी दुसऱ्याचा पत्ता घातला. पत्ता सापडला म्हणजे माणूस सापडला, असे मानणारा तपास सानपाड्याच्या दारातच थांबला असता. पत्ता ज्याचा आहे तो कदाचित बळी असेल, ही शक्यता मनात ठेवणारा तपासच पुढे जाऊ शकतो.

त्याच वर्षीचा २६ नोव्हेंबर मुंबई विसरू शकत नाही. हल्लेखोरांजवळ हैदराबादच्या एका महाविद्यालयाची बनावट ओळखपत्रे होती. कसाबजवळच्या पत्रावर समीर दिनेश चौधरी हे नाव होते. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात केवळ लाठी असताना त्याची बंदूक धरून ठेवली, अंगावर गोळ्या झेलल्या आणि तो जिवंत हाती लागला. तो जिवंत सापडला नसता तर? दहा मृतदेह आणि दहा खोटी हिंदू नावे एवढाच ऐवज उरला असता, आणि या देशात त्यावरून कोणती आग लागली असती याची कल्पना करा. साताऱ्याकडील खेड्यात जन्मलेल्या एका साध्या पोलिसाने ती खोटी ओळख फाडली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसरी एक हकीकत कमी जणांना ठाऊक आहे. हल्लेखोरांचे म्होरके पाकिस्तानातून इंटरनेटवरील दूरध्वनीने सूचना देत होते. त्या दूरध्वनी खात्याचे पैसे अमेरिकेतील कंपनीला भरले गेले, त्यांतील २२९ डॉलरची एक रक्कम हल्ल्याच्या आदल्या दिवशी इटलीतील ब्रेश्या शहराच्या एका पैसे-पाठवणी दुकानातून गेली. नोव्हेंबर २००९ मध्ये इटालियन पोलिसांनी दुकान चालविणाऱ्या दोघांना अटक केली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार ती रक्कम ज्या पाकिस्तानी माणसाच्या नावावर पाठविली गेली तो इटलीत कधी पाऊल ठेवलेलाच नव्हता. त्याची ओळख चोरलेली होती. ब्रेश्या हे कारखान्यांचे शहर. तेथे स्थलांतरित मजूर मोठ्या संख्येने राबतात आणि अशाच दुकानांतून घरी पैसे पाठवितात. मजुराच्या कष्टाच्या पैशाची वाट आणि खुनाच्या पैशाची वाट एकाच खिडकीतून गेली. एक शे-दोनशे डॉलरची, कोणत्याही ठाण्यात हसून वाऱ्यावर सोडली जाईल अशी ही ओळखचोरी. तिचे दुसरे टोक ताजमहाल हॉटेलात, नरिमन भवनात होते.

आता सत्ताधाऱ्यांनी यातून काय धडा घेतला ते पाहू. डिसेंबर २००८ मध्ये, दोनच आठवड्यांत, संसदेने तीन गोष्टी केल्या. राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा झाला. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा कडक झाला. आणि २२ व २३ डिसेंबरला, गोंधळात, चर्चेविना, माहिती तंत्रज्ञान कायद्यातील दुरुस्ती मंजूर झाली. याच दुरुस्तीने कलम ६६ क प्रमाणे ओळखचोरी हा भारतात प्रथमच स्वतंत्र गुन्हा ठरला: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. त्याच दुरुस्तीत सायबर दहशतवादाचे कलम आले, जन्मठेपेपर्यंत शिक्षेचे. त्याच दुरुस्तीत नागरिकांच्या संदेशांवर पाळत ठेवण्याचे व्यापक अधिकार आले, आणि लोकांच्या लिखाणावर घाला घालणारे ते कुप्रसिद्ध कलम ६६ अ देखील आले, जे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले. एकाच पिशवीत धान्य आणि खडे. ओळखचोरीचे कलम हे नागरिकाचे संरक्षण होते; पण त्याच्या अंमलबजावणीसाठी माणसे, प्रयोगशाळा, पैसा यांची तरतूद मागे राहिली आणि पाळतीची यंत्रणा मात्र जोमाने वाढली. या कायद्याखालील गुन्ह्यांचा तपास निरीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने करू नये, असे कलम ७८ सांगते. तालुक्याच्या ठाण्यात निरीक्षक एक. त्याच्या डोक्यावर बंदोबस्त, मंत्र्यांचे दौरे, खुनाचे खटले. मग मजुराच्या नावावरच्या परक्या सिमकार्डाकडे तो कधी पाहणार?

आणि पुढे पाहा. २८ जानेवारी २००९ रोजी, मुंबईच्या हल्ल्याला दोन महिने होत असताना, विशिष्ट ओळख प्राधिकरणाची अधिसूचना निघाली. कल्पना त्याहून जुनी होती. कारगिल युद्धानंतर नेमलेल्या मंत्रिगटाने २००१ मध्येच, सुरक्षिततेचा उपाय म्हणून, बहुउद्देशीय राष्ट्रीय ओळखपत्राची शिफारस केली होती आणि त्याचे प्रायोगिक काम ज्या राज्यांत झाले त्यांत राजस्थानही होते. सुरक्षिततेच्या कोठारात जन्मलेली ही कल्पना कल्याणाचे कपडे घालून लोकांपुढे आली. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. दोन वर्षांनी, २० ऑक्टोबर २०१२ रोजी, याच जयपूर जिल्ह्यातील दूदू येथे आधारवर आधारित लाभवाटपाचा मोठा समारंभ झाला. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. टेंभलीपासून दूदूपर्यंत सांगण्यात आले ते एकच: आता खोटे लाभार्थी पकडले जातील.

पकडले गेले ते कोण? अलवर भागातील कोटकासिम येथे रॉकेलचे अनुदान बँक खात्यात देण्याचा प्रयोग झाला. रॉकेलची विक्री कोसळली आणि चोरी थांबली म्हणून दवंडी पिटली गेली. प्रत्यक्षात अनेकांना खातेच नव्हते, अनेकांच्या खात्यात अनुदान आलेच नव्हते. पूर्ण भावाचे रॉकेल त्यांना परवडेना. २०१६ च्या सुमारास राजस्थानात निवृत्तिवेतनाच्या याद्यांची छाननी झाली तेव्हा जिवंत म्हाताऱ्या माणसांची नोंद मृत म्हणून झालेली निघाली. खडी फोडून, नरेगाच्या कामावर माती उपसून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला लागत नाही, तेव्हा शिधावाटप दुकानातला माणूस म्हणतो, तू तो नाहीसच. ज्याच्याजवळ स्वतःखेरीज काही नाही त्याला स्वतःचेच अस्तित्व शाबीत करावे लागते.

या सगळ्याचा सुरक्षिततेशी असलेला संबंध आपल्या चर्चेत सहसा येत नाही. आपली ओळख चोरीस गेली हे सर्वांत आधी कोणाला कळते? ज्याची गेली त्याला. दिल्लीतल्या कोणत्याही यंत्राला त्या आधी कळत नाही. न घेतलेल्या कर्जाची नोटीस येते, न काढलेल्या खात्यात पैसे येतात, शिधा आधीच कोणी उचललेला असतो. तो माणूस ठाण्यात जातो तेव्हा राज्यसंस्थेला मिळणारी ती पहिली खबर असते. त्याला तेथून हाकलले तर ती खबर मेली. आणि व्यवस्थाच अशी बांधली की जुळत नाही तो दोष नेहमी गरिबाचा, तर तो ठाण्यात जाणारच नाही. उलट आपल्यावर आळ येईल म्हणून तोंड लपवील. आधारचा मूळ कायदा २०१६ चा. त्याच्या कलम ४७ प्रमाणे या कायद्याखालील गुन्ह्याची तक्रार न्यायालयात करण्याचा अधिकार फक्त प्राधिकरणालाच होता. ज्याचा क्रमांक चोरीस गेला त्याला नव्हता! दरोडा घरात पडावा आणि फिर्याद देण्याचा हक्क कुलूप बनविणाऱ्या कारखान्याला असावा, असा हा न्याय. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बोट ठेवले, तेव्हा २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. त्याच निकालात राष्ट्रीय सुरक्षिततेच्या नावाखाली माहिती उघड करण्याचे कलमही रद्द झाले: सहसचिवाहून वरिष्ठ अधिकारी हवा आणि त्याच्या जोडीला न्यायिक अधिकारी हवा, असे न्यायालयाने सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीने सहसचिवाच्या जागी सचिव बसविला. न्यायाधीशाला मात्र बाहेरच ठेवले.

चोरी प्रत्यक्षात कशी होते हेही पाहू या. आपल्या सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडचे गलाई कारागीर देशभरच्या सराफ बाजारांत पसरलेले आहेत. असा एखादा पोरगा परमुलखात येतो. कागदावर पत्ता गावचा, राहणे भाड्याच्या खोलीत. कोपऱ्यावरच्या दुकानात तो सिमकार्ड घेतो. दुकानदार म्हणतो, ठसा नीट उमटला नाही, पुन्हा अंगठा ठेव. पहिल्या ठशावर एक कार्ड निघालेले असते, दुसऱ्यावर दुसरे. दुसरे कार्ड दलालाकडे जाते. ही पद्धत पोलिसांच्या तपासात वारंवार उघड झालेली आहे. २०१८ मध्ये तेलंगणात तर सिमकार्डाच्या एका वितरकाने जमिनीच्या खरेदीखतांवरील, शासनाच्याच संकेतस्थळावर उघड्या असलेल्या अंगठ्यांच्या ठशांवरून रबरी ठसे बनविले होते. सुरक्षिततेसाठी म्हणून प्रत्येक खिडकीवर जी ओळख मागितली, त्या ओळखीच्या नकलांचे ढीग हाच चोरांचा कच्चा माल झाला.

ते सिमकार्ड पुढे कोठे जाते? राजस्थानला पाकिस्तानची सुमारे १,०७० किलोमीटर सीमा आहे. भारतीय क्रमांकावर आलेला परवलीचा आकडा सीमेपलीकडे कळविला की तेथला माणूस भारतीय क्रमांकाचे व्हॉट्सअॅप खाते चालवू शकतो. मग तो कधी लष्करी अधिकारी होतो, कधी नोकरी शोधणारी तरुणी, आणि जवानांशी बोलू लागतो. शिकारी नेहमी अडाण्यालाच गाठतो असेही नाही. मे २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने पुण्यातील संरक्षण संशोधन संस्थेच्या एका प्रयोगशाळेच्या संचालकालाच अटक केली. बनावट नावाच्या तरुणीच्या जाळ्यात सापडून त्याने गोपनीय माहिती दिली, असा आरोप आहे. खटल्यात जे ठरेल ते ठरेल. एवढे मात्र दिसते की, हजार रुपयांना विकलेले कार्ड आणि क्षेपणास्त्रांची प्रयोगशाळा यांच्यामधले अंतर फार नाही.

याच वाटेने लूटही चालते. २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशातील लोकांनी २२,८४५ कोटी रुपये गमावले, असे शासनाने संसदेत सांगितले. आदल्या वर्षी ही रक्कम साडेसात हजार कोटींच्या आत होती. लूट करणारे हात कोणाचे? म्यानमार, कंबोडिया, लाओस येथील कोंडवाड्यांत भारतीय तरुण डांबलेले आहेत. संगणकाची नोकरी म्हणून नेले, पासपोर्ट काढून घेतले आणि मारझोड करून त्यांच्याकडून आपल्याच देशबांधवांना फसवून घेतले. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या माए सोट येथून असे ५४९ जण परत आणले. पासपोर्ट काढून घेणे ही ओळखीची सर्वांत उघडीवाघडी चोरी होय. परत आलेल्या या पोरांना केवळ आरोपी मानून कोठडीत घालणारा तपास त्यांच्या मालकांपर्यंत, दलालांपर्यंत कधीच पोहोचणार नाही; त्यांना साक्षीदार मानणारा तपास कदाचित पोहोचेल.

उलट सत्ताधाऱ्यांचा कल कोणीकडे आहे? मे २०२५ मध्ये याच राज्यात बंगाली बोलणाऱ्या स्थलांतरित मजुरांची धरपकड झाली. पश्चिम बंगालचे रहिवासी असलेले भारतीय नागरिकही बांगलादेशी समजून डांबले गेले. मुंबई-ठाण्यातून उचललेल्या मजुरांपैकी काहींना तर जूनमध्ये सीमेपलीकडे लोटले आणि मग ते भारतीय असल्याचे सिद्ध झाल्यावर परत आणावे लागले. त्यांच्या खिशात आधार होते, मतदार ओळखपत्र होते. ज्या कागदासाठी दहा वर्षे रांगेत उभे केले तोच कागद ऐन वेळी खोटा ठरविला. आणि २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने हुकूम काढला की प्रत्येक नव्या भ्रमणध्वनीत संचार साथी हे शासकीय अॅप बसवूनच तो विकावा. देशभर ओरड झाली. ३ डिसेंबरला हुकूम मागे घ्यावा लागला. गंमत अशी की, आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे पाहण्याची त्यातील सोय खरोखर उपयोगी आहे, आणि ती संकेतस्थळावर २०२३ पासून आहे. नागरिकाच्या हातात देण्यासारखे हत्यार त्याच्या मानेवर ठेवण्याची बुद्धी या राज्यकर्त्यांना का होते, याचे उत्तर त्यांच्या वर्गस्वभावात शोधावे लागेल.

तेव्हा आपण काय करावयाचे ते सांगून थांबतो. प्रत्येक युनियन कचेरीत, प्रत्येक शेतमजूर शाखेत महिन्यातून एक दिवस ठरवून साथींच्या नावावरील सिमकार्डे तपासून द्यावीत. बोटांचे ठसे बंद ठेवण्याची सोय ज्यांना हवी त्यांना करून द्यावी. कमिशनच्या मोहाने खाते भाड्याने देणाऱ्या पोरांशी आधी आपण बोलावे, पोलीस बोलण्याच्या आत. चोरी आढळली तर पैशांच्या बाबतीत १९३० या क्रमांकावर त्याच तासाला कळवावे; पण तेवढ्यावर थांबू नये. कलम ६६ क खालील गुन्हा दखलपात्र आहे, आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिताकुमारी प्रकरणात सांगितलेले आहे. ठाणे अंमलदार साधा अर्ज घेऊन बोळवण करू लागला तर दोघातिघांनी मिळून जावे आणि नोंद झालेल्या खबरीची प्रत हातात पडल्याखेरीज उठू नये. ती प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. तिची एक नक्कल आपल्या कचेरीत तारखेवार लावून ठेवावी, आणि तीन महिन्यांनी त्या नकला घेऊन पोलीस अधीक्षकांना शिष्टमंडळाने भेटावे: अमुक तारखेची अमुक फिर्याद, तपास निरीक्षकाने केला की नाही, कार्ड विकणारा दुकानदार विचारला गेला की नाही, खाते उघडणारी बँक विचारली गेली की नाही.